‘माह्याच्यानं नाही होत’: अपयशाच्या भीतीला उत्तर देताना या चुका टाळा

नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत हे दिसेल. मुलगा घड्याळ लावून राज्यसेवेचा सराव पेपर सोडवतो, पूर्ण दोन तास मान वर करत नाही, आणि उत्तरतालिका न उघडताच पेपर बॅगेत कोंबतो. विचारलं तर म्हणतो, “उद्या पाहतो ना भाऊ.” मेहनतीत तो कुठेच कमी नसतो. मार्क कळल्यावर स्वतःला काय काय ऐकवावं लागेल, याची त्याला धास्ती असते.

स्वतःशी चाललेलं हे बोलणं बदलता येतं. पण बदलायला जाताना पुढच्या चुका झाल्या, तर भीती उलट घट्ट होते.

स्वतःला घोषणा ऐकवणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. “मी सर्वोत्तम आहे, मला सगळं जमतं” असं रोज सकाळी घोकलं, की मन लगेच विचारतं, “मग मागच्या पूर्वपरीक्षेत काय झालं?” कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा वाक्यांचा परिणाम तपासला. ज्यांच्या मनात स्वतःविषयी मुळातच कमीपणा होता, त्यांना असं गोड वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं.

वाक्य असं हवं, जे तुमचं मन खोडून काढू शकणार नाही. “अर्थशास्त्र कच्चं आहे, इतिहास बरा आहे, आणि अजून दोन महिने हातात आहेत.” यात कौतुक नाही, म्हणून मन भांडायला उठत नाही. आणि खरं असल्यामुळे पुढे काय करायचं, तेही त्यातूनच कळतं.

हट्टाला जिद्द समजणं

“यंदा झालंच पाहिजे, नाही तर तोंड दाखवायला जागा नाही.” अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा रोख याच वाक्यावर होता. इच्छा असणं चांगलंच. तिची सक्ती झाली की भीती अवास्तव वाढते.

मुलांना वाटतं, हट्ट सोडला तर अभ्यास ढिला पडेल. पेपरात काय होतं ते पाहा. पहिले चार प्रश्न अडले की हट्ट धरणाऱ्याचं डोकं थेट निकालाच्या दिवशी जाऊन पोहोचतं. समोरचा प्रश्न तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. वेळ जातो, आणि मग घाईत अंदाजाने दिलेल्या चुकीच्या उत्तरांचे मार्क कापले जातात.

त्याऐवजी म्हणा, “यंदा व्हावं असं मला मनापासून वाटतं. नाही झालं तर खूप वाईट वाटेल, घरी सांगताना जीव जड होईल. तरी मी ते सोसीन.” शेवटचं वाक्य गाळू नका. भीतीचा जोर तिथेच उतरतो.

पेपरासोबत स्वतःलाही नापास करणं

पेपर गेला, तर पेपर गेला म्हणा. “मीच बिनकामाचा” हा निकाल कुठल्याही आयोगाने लावलेला नसतो.

विचार दाबून टाकणं

“नापास व्हायचा विचारच करायचा नाही” असं ठरवलं की तोच विचार पुन्हा पुन्हा येतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल काही त्यांच्या डोक्यातून जाईना. विचार येऊ द्या, आणि त्याला उत्तर द्या.

एवढं करूनही धडधड थांबत नसेल तर?

ती लगेच थांबणारही नाही. भीती पूर्ण गेल्यावर फॉर्म भरीन, असं म्हणणारे वर्षानुवर्षं थांबून राहतात. काम मात्र लहान करा: सगळी उत्तरतालिका नको, आज पहिले दहाच प्रश्न तपासा.

दुसरं, तुमचं वाक्य पुस्तकी असेल. ऐन वेळी ते आठवत नाही. भीती जर “माह्याच्यानं नाही होत बाप्पा, लोकं का म्हणतीन” असं बोलत असेल, तर उत्तरही त्याच बोलीत हवं: “चुकलं तं चुकलं. कुठं चुकलं ते पाहू आधी.” स्वतःला नावाने हाक मारून बोला. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासात, ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलणाऱ्यांना ताणाचा प्रसंग अधिक नीट हाताळता आला.

आई-बाबांनो, सराव पेपरानंतर “किती मिळाले?” आधी विचारू नका. “कोणता भाग जड गेला?” विचारा. मूल हळूहळू स्वतःलाही तेच विचारू लागतं.

झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वाक्यं बदलत बसू नका. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.