स्टेंटनंतर स्कूबा करायचंय? आधी फॉर्म
बाबांना स्टेंट टाकून वर्ष झालं आणि त्यांच्या डोक्यात गोव्यातल्या ग्रँड आयलंडचं स्कूबा घुसलं, तेव्हा धावपळीत जे कळलं ते लिहितोय.

डायव्हर मेडिकलचा फॉर्म (डायव्हआधी तब्येतीचे हो-नाही प्रश्न विचारणारा) आधीच मागवून घ्या, बोटीवर भरू नका. आम्हाला एक एजंट म्हणाला, "सगळीकडे नो लिहा हो, काय होत नाय." अजिबात ऐकू नका! पाण्यात उतरलं की हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, हार्टवर लोड येतो, त्यात पाण्याला ओढ असली की पाय मारून दम निघतो, आणि बारा मीटर खाली छातीत दुखलं तर रिक्षा मिळत नाही.

फॉर्म, अँजिओचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे जा. बहुतेक एको आणि ट्रेडमिल टेस्ट सांगतील. रिपोर्टात मेट्सचा (शरीर किती मेहनत झेलतं त्याच्या मापाचा) आकडा बघा, साधारण 10 तरी हवा, तोही छातीत न दुखता, ईसीजी न बिघडता. बीटा ब्लॉकर (हार्टचे ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर मुद्दाम सांगा, त्याने पल्स वर जात नाही आणि दम लवकर लागतो. पेसमेकरवाल्यांनी तो किती खोलीचं प्रेशर झेलतो ते कंपनीकडून लेखी घ्यायचं.

बाबा 7 मेट्सवर थांबले, फॉर्मवर डॉक्टरांची सही मिळाली नाही. सध्या रोज सकाळी मिरामारला चालतायत, तोंड फुगवून.