क्रिकेट मंडळातल्या जुन्या सभासदांचा सन्मान कसा करावा

कोकणात टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम भातकापणी उरकली की सुरू होतो आणि मिरग लागेपर्यंत चालतो. वाडीवाडीच्या स्पर्धा होतात, चषक असतात, मालिकावीराला मोठं बक्षीस असतं. ज्यांनी मळ्यातली ढेकळं फोडून खेळपट्टी केली, मुंबईत चाकरमान्यांच्या घरोघरी जाऊन वर्गणी आणली, वर्षानुवर्षं भर उन्हात बसून स्कोअरबुक लिहिलं, त्यांना मात्र बक्षीस समारंभाच्या शेवटी घाईघाईत एक शाल मिळते. सन्मान करायचा, तर त्या माणसाने नेमकं काय केलं हे मैदानावरच्या पोरापोराला कळलं पाहिजे. त्यासाठी स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधीपासून कामाला लागावं.

नावं शोधणं

आठवणीवर यादी करू नका. मोठ्या आवाजाच्या माणसांची नावं आधी आठवतात आणि गप्प राहून राबलेली सुटतात. जुनी स्कोअरबुकं, सभांची इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या, स्पर्धेच्या पत्रिका असं जे मिळेल ते बाहेर काढा. सगळ्यात उपयोगी पडतात ती पावतीपुस्तकं. स्कोअरबुकात खेळणाऱ्यांची नावं सापडतात, पण वर्गणीच्या पावतीखाली सही असते ती दारोदार फिरलेल्या माणसाची. एकच सही वीस वर्षांच्या पुस्तकांत दिसली, तर ते नाव यादीत पहिलं लिहा.

कागदावर न आलेली माणसंही असतात. बाहेरगावचे संघ आले की ज्या घरी त्यांच्या जेवणाची पंगत बसायची, त्या घरातल्या काकी-वैनी कुठल्याच वहीत नसतात. ज्यांच्या मळ्यात आपण खेळलो, ते शेतकरीही नसतात. त्यासाठी वाडीतल्या जुन्या माणसांकडे बसून विचारावं लागतं.

धावा आणि बळींवर निवड करू नये. मालवणात १९३२ साली जन्मलेले रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे घडले आणि त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री मिळाली. नुसता धावफलक पाहिला असता, तर हे नाव कोणाच्या नजरेलाही पडलं नसतं.

किती वर्षांची सेवा धरायची हे कार्यकारिणीने आधी ठरवून इतिवृत्तात लिहावं, म्हणजे मागाहून रुसवे-फुगवे होत नाहीत. मुंबईत नोकरी करून दर वर्षी वर्गणी पाठवणाऱ्याची, मे महिन्यात येऊन राबणाऱ्याची वर्षंही मोजा. एका वर्षी दोघा-तिघांचाच सत्कार करावा, वयाने मोठे आधी. वीस जणांना एका रांगेत उभं केलं की कोणाचंच काम सांगून होत नाही.

मानपत्र

माझ्या मते सगळ्या सोहळ्याचा जीव मानपत्रात असतो, आणि नेमकी त्याचीच आपण हेळसांड करतो. ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल’ हे वाक्य कोणालाही चालतं, म्हणून ते कोणाचंच नसतं.

मंडळातल्या दोघांनी त्या काकांच्या घरी जावं. आधी त्यांची संमती घ्यावी, कारण काहींना व्यासपीठ नको असतं आणि त्याचा मान राखला पाहिजे. मग सोबत नेलेलं जुनं स्कोअरबुक त्यांच्या हातात द्यावं आणि मोबाईलवर बोलणं टिपून घ्यावं. पहिलं मैदान कुठलं? बॅट कुठून आणायचे? रोलर कसा मिळवला? पान उलटता उलटता माणूस बोलू लागतो. त्यातून असं काही लिहिता येतं: ‘सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी मारून आणि पहाटे रोलर फिरवून आपण तयार केलेल्या खेळपट्टीवर या वाडीच्या तीन पिढ्या खेळल्या.’ अशी चार-पाच वाक्यं पुरेत. अक्षर मोठं ठेवा. नाव घरच्यांकडून तपासून घ्या आणि गावात ज्या नावाने हाक मारतात तेही लिहा, नाहीतर कागदावरचं नाव कोणाचं हेच निम्म्या गावाला उमगत नाही.

दिवस आणि वेळ

शिमगा किंवा मे महिना धरा, म्हणजे चाकरमानी गावात असतात. सत्कार बक्षीस समारंभात नको, तोवर हरलेला संघ गाडीत बसलेला असतो. अंतिम सामन्याच्या आधी, दोन्ही संघ मैदानात रांगेत उभे असताना करा. मानपत्र नवख्या सूत्रसंचालकाने वाचू नये, त्यांच्याबरोबर खेळलेल्या कोणीतरी वाचावं. नाणं त्यांच्याच हातून उडवा. जोडीदाराला शेजारी बसवा. खुर्ची सावलीत असावी आणि ने-आण करायला मंडळाची गाडी जावी. पाहुण्यांची भाषणं नंतर.

काय द्यावं

शाल-श्रीफळ मानाचं आहे, ते द्यावंच. मात्र एप्रिल-मेच्या घामात लोकरी शालीपेक्षा सुती बरी. सन्मानचिन्हाच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार करा. खाऱ्या वाऱ्यात पितळ हिरवं पडतं, साध्या लोखंडाला गंज चढतो, आणि काचेच्या चौकटीतल्या कागदाला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते. मानपत्र द्यायचंच असतं, म्हणून ते नीट लॅमिनेट करून द्या. मंडळाच्या कार्यालयात किंवा मैदानाशेजारी नामफलक लावणार असाल, तर काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून घ्या. जांभा दिसायला आपला, पण सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. फलकावर पुढच्या नावांना जागा सोडा.

मानद आजीव सभासदत्व देणार असाल, तर मंडळाच्या घटनेत तशी तरतूद आहे का ते आधी पाहा. नसेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव करा. वर्गणी माफ आहे का, मताचा अधिकार राहतो का, हे त्याच ठरावात स्पष्ट लिहा. नोंदणीकृत मंडळाने घटनादुरुस्तीबाबत धर्मादाय आयुक्त कार्यालयात काय करावं लागतं, ते आपल्या वकिलांकडून समजून घ्यावं.

कार्यक्रमानंतर आठवड्याभरात फोटो घरी पोचवा, मुलं मुंबई-पुण्यात असतील तर त्यांनाही पाठवा. मानपत्राची एक प्रत आणि टिपलेलं बोलणं मंडळाच्या दप्तरात ठेवा. नावं शोधताना जी या वर्षी मागे राहिली, ती पुढच्या कार्यकारिणीसाठी त्याच वहीत लिहून ठेवा.