कायदेविषयक स्वयंसाहाय्य पोर्टल: बांधणी कशी निवडावी

पोर्टल वर्डप्रेससारख्या तयार प्रणालीवर करावे की स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहून घ्यावे, हा प्रश्न संस्थांच्या पहिल्याच बैठकीत निघतो. वास्तविक तो शेवटचा आहे. माणसाला पोर्टलवरून केवळ माहिती मिळायला हवी की सही करून दाखल करता येईल असा मजकूर, हे आधी ठरवावे.

लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे. एवढे सांगायला साधे पान पुरते. ग्राहक तक्रारीचे तसे नाही. वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची. इतक्या फाट्यांवर लांबलचक लेख निरुपयोगी ठरतो. येथे एकामागून एक प्रश्न विचारून उत्तरांवरून तक्रारीचा मसुदा तयार करणारी रचनाच घ्यावी. ‘तुमचा दावा किती रकमेचा?’ असे मात्र विचारू नये, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोग ठरतो तो प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावरून. नुकसानभरपाईची मागणी त्यात मिळवली की तक्रारदार चुकीच्या दारात जातो.

अशा प्रश्नावलीसाठी डॉकअसेंबल ही मुक्तस्रोत प्रणाली उपलब्ध आहे; परंतु ती सांभाळण्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार जाणणारा माणूस लागतो. तो कायमचा मिळणार नसेल, तर साध्या संकेतस्थळावर वर्डमधला नमुना ठेवणेच शहाणपणाचे. चॅटबॉटचा मोह प्रारंभी तरी टाळावा, कारण मुदतीबाबतचे एक आत्मविश्वासपूर्ण चुकीचे उत्तर तक्रारदाराचा हक्कच घालवू शकते.

खर्चाचा अंदाज बांधताना उभारणीपेक्षा देखभालीकडे पाहावे. ग्राहक तक्रार ऑनलाइन दाखल करण्याच्या ई-दाखिल या सरकारी संकेतस्थळाची जागा जानेवारी २०२५ पासून ई-जागृतीने घेतली, तेव्हा जुन्या मार्गदर्शिकांमधले दुवे व पायऱ्या बदलणे भाग पडले. म्हणून प्रत्येक पानावर तपासणीची तारीख असावी आणि ते तपासणारा वकील नेमलेला असावा. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधली मराठी शोधात सापडत नाही. कौटुंबिक हिंसाचारासारख्या विषयात लॉगिन मागू नये, उत्तरे साठवू नयेत आणि पान तत्काळ बंद करण्याचे बटण ठळक ठेवावे.

प्रश्नावलीच्या शेवटी ‘मुदत संपली’ एवढेच लिहून माणसाला परत पाठवू नये. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, हे तेथेच सांगावे आणि सोबत विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक द्यावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत वकील मिळू शकतो, हेही त्याच पानावर असावे.