वाऱ्यावर चढताना व्हीएमजी चुकीचा दिसतो? या चुका टाळा

शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडाकडे किती वेगाने सरकते आहे, हे व्हीएमजी (वेलॉसिटी मेड गुड) सांगतो. पण तो कुठलाही सेन्सर थेट मोजत नाही. पाण्यातला वेग गुणिले खऱ्या वाऱ्याच्या कोनाचा (बोटीचा रोख आणि खरा वारा यांतल्या कोनाचा) कोसाइन, एवढाच तो हिशेब. वेग 6 नॉट आणि कोन 42 अंश असेल, तर व्हीएमजी 4.46 नॉट. आकडा विचित्र दिसला की दोष बहुतेक वेळा आत येणाऱ्या मापांत असतो.

त्याआधी एक खात्री करा. अनेक चार्टप्लॉटरवर (नकाशा दाखवणाऱ्या स्क्रीनवर) व्हीएमजी म्हणून दिसतो तो वाऱ्याकडचा नव्हे, निवडलेल्या वेपॉइंटकडचा (नकाशावर ठरवलेल्या ठिकाणाकडचा) वेग. टॅक केल्यावर (नाळ वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवल्यावर) वेग आणि वाऱ्याचा कोन तसेच राहूनही आकडा धाडकन बदलला, तर हेच कारण समजा. जीपीएसचा जमिनीसापेक्ष वेगही या गुणाकारात घालू नका. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मिसळतो आणि शिडं नीट लावली आहेत की नाहीत ते कळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ लॉग, म्हणजे पाण्यातला वेग मोजणारा सेन्सर, घालतो. त्याच्या पॅडलव्हीलवर (पाण्यात फिरणाऱ्या छोट्या चाकावर) शेवाळ चढलं की वेग कमी दिसतो, आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. खऱ्या वाऱ्याचा कोनही याच वेगावरून काढला जातो. भासमान वारा (चालत्या बोटीवर जाणवणारा) 16 नॉट, 28 अंश आणि वेग 6 नॉट असेल, तर खरा कोन सुमारे 42.7 अंश येतो. लॉग 10 टक्के कमी दाखवत असेल तर तोच कोन 40.7 दिसतो आणि व्हीएमजी 4.41 ऐवजी 4.09. म्हणून लॉग आधी, वाऱ्याचा सेन्सर नंतर. उलट क्रमाने केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

पॅडलव्हील साफ करून शांत पाण्यात इंजिनावर, एकाच आरपीएमला, माहीत असलेलं अंतर जाऊन-येऊन कापा. इथे हमखास चूक होते ती एकूण अंतराला एकूण वेळेने भागण्याची. बोट 6 नॉटची आणि प्रवाह 1 नॉटचा असेल, तर एक सागरी मैल जाऊन-येऊन 5.83 नॉट असं चुकीचं उत्तर येतं. दोन्ही फेऱ्यांचा वेग वेगवेगळा काढून (7 आणि 5) त्यांची सरासरी घ्या.

मग डोलकाठीच्या टोकावरची व्हेन, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं. शांत हवेत इंजिनावर सरळ जाताना तिचा कोन शून्य यायला हवा. येत नसेल तर तेवढा ऑफसेट (दुरुस्ती) द्या. तरीही शिडं हवेचा झोत वळवतात, त्यामुळे वाऱ्यावर चढताना कोन खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. पारख सोपी आहे: दोन्ही टॅकवर होकायंत्राचा स्थिर रोख टिपा. 318 आणि 042 आले तर फरक 84, निम्मा 42. स्क्रीनवर खरा कोन 45 असेल, तर 3 अंश कमी करा. वारा फिरत असतो, म्हणून एका जोडीवर विसंबू नका. चार-पाच टॅकची सरासरी घ्या. अर्थात होकायंत्रच चुकीचं असेल तर ही पारख फसते.

लीवे, म्हणजे बोट वाऱ्याने बाजूला घसरते तो कोन, तर सरसकट विसरला जातो. ढोबळ सूत्र असं: स्थिरांक गुणिले बोटीचा कल, भागिले वेगाचा वर्ग. स्थिरांक बोटीनुसार बदलतो; 10 धरला तर 15 अंश कल आणि 6 नॉटला लीवे सुमारे 4 अंश. तो मिळवून 42 चे 46 झाले की व्हीएमजी 4.46 वरून 4.17 वर येतो.

सगळं जुळवूनही आकडा नाचत असेल तर डॅम्पिंग, म्हणजे मापाची सरासरी किती सेकंदांची घेतली जाते ते, पाहा. वेगाला 2 सेकंद आणि वाऱ्याला 8 ठेवलं, तर वेगवेगळ्या क्षणांची मापं एकमेकांशी गुणली जातात. दोन्ही सारखं ठेवा, लाटांत थोडं वाढवा.

सुकाणू मात्र व्हीएमजी बघून धरू नका. नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे वळवली की कोन लगेच कमी होतो, वेग मात्र आधीच्या जोरावर काही सेकंद टिकतो. आकडा उडी मारतो आणि मग बोट मंदावते. पोलर तक्त्यातून (कुठल्या वाऱ्यात, कुठल्या कोनाला बोट किती वेग घेते त्याच्या तक्त्यातून) त्या वाऱ्याला लागणारा वेग आणि कोन समोर ठेवा. वेग कमी पडला तर दोन-तीन अंश खाली (वाऱ्यापासून दूर) उतरा, जास्त झाला तर हळूहळू वर (वाऱ्याकडे) चढा. व्हीएमजी बघायचा तो शिडांची जुळणी बदलल्यावर, मिनिटभराच्या सरासरीत.