शिंका, खाज, अंगावरचं पित्त : अ‍ॅलर्जीचं कारण शोधून ती आटोक्यात कशी ठेवावी

कोल्हापुरात शिंकायला निमित्तं कमी नाहीत. जून ते सप्टेंबर भिंती ओलसर, दिवाळीनंतर शिवारात उसाचं पाचट पेटतं आणि उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या की अख्खी गल्ली ठसकते. या सगळ्याला आपण सरसकट अ‍ॅलर्जी म्हणतो आणि मेडिकलमधून एक गोळी आणतो. गोळीला माझी हरकत नाही. कारण न शोधता वर्षानुवर्षं गोळी घेत राहण्याला आहे.

१. आधी ठरवा : ही अ‍ॅलर्जी आहे का?

धूळ, परागकण, शेंगदाणा अशा एरवी निरुपद्रवी गोष्टीला शरीराची संरक्षण यंत्रणा शत्रू समजते, तेव्हा त्याला अ‍ॅलर्जी म्हणायचं. रक्तात त्या गोष्टीविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. पुन्हा गाठ पडली की पेशींमधून हिस्टामिन सुटतं आणि नाक गळणं, डोळे चुरचुरणं, अंगावर गांधी उठणं सुरू होतं.

मिरचीचा ठसका यात बसत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन सगळ्यांनाच झोंबतं. डंकावर चटणी कुटून घेताना नाकातून पाणी आलं म्हणून कुणी स्वतःला रुग्ण समजू नये. पाचटाच्या धुराचंही तसंच. मात्र नाक आधीच सुजलेलं असेल किंवा दमा असेल, तर हाच धूर फार छळतो.

सर्दीत अंग मोडून येतं, कधी ताप येतो, आणि आठ-दहा दिवसांत ती उतरते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. नाक, डोळे, टाळू खाजतात, पाण्यासारखं पातळ नाक गळतं आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. रात्री खोकल्याने जाग येत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो दमा असू शकतो. तिथे घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टर गाठा.

२. महिनाभर वही लिहा

शाळेची जुनी वही चालते. त्रास कधी झाला, त्याआधी दोन तासांत कुठे होतात, काय खाल्लं, कशाला हात लावला आणि किती वेळात थांबलं, एवढंच लिहायचं. ‘सकाळी साडेसहा. वाकळा घड्या केल्या. सलग शिंका. पाऊण तासाने थांबलं. दुपारी कामावर काही नाही.’ अशा चार नोंदी एकाखाली एक आल्या की संशयित कोण ते दिसतं. सकाळी उठल्याउठल्या होणारा त्रास बहुधा अंथरुणातला असतो. पावसाळ्यातच वाढणारा त्रास ओलीशी, बुरशीशी जोडलेला असू शकतो. सुट्टीला गावी गेलं की थांबणारा त्रास घरातला किंवा कामाच्या जागेचा.

औषध घेतलं तर तेही लिहा. डॉक्टरांना ही वही तोंडी वर्णनापेक्षा जास्त कामाची.

३. अंथरुण आणि ओल

घरच्या धुळीतला खरा उपद्रवी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात आणि हवेतल्या दमटपणावर वाढतात. गादी, उशी, वाकळ ही त्यांची हक्काची जागा.

चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कडक पाण्यात धुवा. वाकळ दर आठवड्याला धुणं कुणाला जमणार? ती कडक उन्हात चांगली तापवा. पण तापवून काम संपत नाही. कीटक वाळून मेले तरी त्यांची विष्ठा आणि अवशेष कापडातच राहतात आणि अ‍ॅलर्जी त्यांचीच असते. म्हणून ऊन दिल्यावर वाकळ गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने दोन्ही बाजूंनी झोडपायची. हे काम ज्याला शिंका येतात त्याने करायचं नाही. तो त्या वेळी गच्चीवरही नको. गादी-उशीला चेनचं घट्ट विणीचं कव्हर मिळतं, ते घेतलेलं बरं.

फरशी कोरडी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. झुरळांचाही बंदोबस्त करा, त्यांची अ‍ॅलर्जी आपल्याला वाटते त्याहून जास्त आढळते.

ओलीचं प्रकरण चिवट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना भिंतीत मुरलेल्या ओलीचं नव्याने सांगायला नको. बुरशीवर नुसता रंग मारला तर ती पुन्हा वर येते. आधी गळती बंद करा, भिंत सुकू द्या, मग मास्क लावून बुरशी पुसा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. जागा नसते हे कबूल, पण निदान अंथरुणापासून लांब.

४. त्वचा : त्रास उशिरा उठतो

त्वचेची स्पर्शाने होणारी अ‍ॅलर्जी वेगळ्या वाटेने जाते. पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. शनिवारी लग्नात घातलेल्या खोट्या कानातल्यांमुळे सोमवारी कानाची पाळी चिघळते आणि दोष सोमवारच्या जेवणाला लागतो. कानातली, घड्याळाचा पट्टा, बेल्टचं बक्कल यांच्याखाली खाज येत असेल तर संशय निकेल धातूवर घ्या.

केसांच्या काळ्या रंगात आणि ‘काळ्या मेंदी’त पीपीडी नावाचं रसायन असतं. लावायच्या ४८ तास आधी थोडंसं कानामागे लावून पाहा. चपलेच्या अंगठ्याखाली पुरळ येत असेल तर क्रोमने कमावलेलं चामडं, रबर किंवा चिकटवायचा डिंक यांपैकी काहीही असू शकतं. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची अस्सल कोल्हापुरी अशा पायांना अनेकदा सोसते.

शेतात जाणाऱ्यांसाठी एक नाव : गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि नंतर बांधाबांधावर पसरलं. त्याचे कण हवेतून चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या आतल्या बाजूवर बसतात आणि तिथली कातडी जाड, काळपट, खाजरी होते. फुलावर येण्याआधी उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उपटा, आणि घरी येताच अंघोळ करा.

५. खाण्याचे पदार्थ एकदम बंद करू नका

एकदा गांधी उठली की घरातले वांगं, अंडं, दही, डाळ अशी यादी करून सगळंच बंद करतात. सहा आठवड्यांहून जास्त काळ उठणाऱ्या गांधींचं कारण बहुतेक वेळा खाणं नसतंच. आमसुलाचं पाणी लावून गार वाटतं, लावायला हरकत नाही.

खरी खाद्य अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते आणि तोच पदार्थ खाल्ला की पुन्हा दिसते. शेंगदाणा, काजू, तीळ, दूध, अंडं, मासे, कोळंबी हे नेहमीचे संशयित. आपल्याकडे अडचण अशी की ते दिसत नाहीत. पांढऱ्या रश्श्यात काजू, तीळ, खसखस वाटून गेलेली असते आणि शेंगदाण्याचं कूट कुठल्या भाजीत नाही ते विचारा. हॉटेलात ‘तिखट कमी’ सांगतो तसं ‘कूट आहे का, काजू आहे का’ हेही विचारायला लाजू नका.

दुधाने पोट फुगतं, गुडगुडतं, ती बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी, आणि गाईच्या दुधाची असेल तर म्हशीचंही सहसा सोसत नाही. तेव्हा कट्ट्यावर समोर म्हैस पिळून मिळणारं धारोष्ण दूध हा त्यावरचा पर्याय नव्हे.

बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केल्यास त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी होते, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं. अख्खा दाणा मात्र कधीच नाही, घशात अडकतो. बाळाला मोठा इसब असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

६. गोळी, फवारा, तपासणी

सेटिरिझिनसारख्या गोळीने शिंका आणि खाज थांबते, काहींना झोप येते. गाडी चालवायची असेल तर कमी झोप आणणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाक कायम चोंदत असेल तर स्टिरॉइडचा नाकातला फवारा गोळीपेक्षा सरस. तो रोज मारायचा असतो आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. डोकं किंचित पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढू नका. जोरात ओढलं की औषध घशात जातं. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब सलग पाच दिवसांपुढे नकोत, त्यानंतर ते थेंबच नाक चोंदवतात. जलनेती करायची तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

‘एक सुई मारली की महिनाभर शिंक नाही’ अशी सुई कुणी सुचवली तर आत काय आहे ते विचारा. अनेकदा ते दीर्घकाळ राहणारं स्टिरॉइड असतं. पुन्हा पुन्हा घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

त्वचेवर टोचून करायची चाचणी १५-२० मिनिटांत उत्तर देते. त्याआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर थांबवाव्या लागतात. उत्तर ‘आहे’ आलं तरी वहीतल्या नोंदींशी ते जुळायला हवं. शंभर-दोनशे पदार्थांच्या आयजीजी (आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं) तपासणीवर पैसे घालवू नका.

७. धावपळीची वेळ

खाल्ल्यानंतर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या आणि सोबत श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, उलट्या झाल्या किंवा भोवळ आली, तर गोळीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) तातडीचा विभाग असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्या. अशा वेळचं पहिलं औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं अ‍ॅड्रेनलिन. माणसाला आडवं झोपवा, पाय वर उचला. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. मधमाशीचा काटा राहिला असेल तर नखाने लगेच खरवडून काढा.

बरं वाटलं म्हणून तासाभरात घरी निघू नका. काही तासांनी झटका पुन्हा येऊ शकतो. निघताना कशामुळे झालं आणि काय दिलं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात ठेवा.