मऊ शिशाच्या हॉलो पॉइंट गोळ्या निवडताना या चुका टाळा

रिव्हॉल्व्हरच्या बॅरलमध्ये शिसं चिकटलं की बहुतेक नवे रीलोडर (स्वतःची काडतुसं स्वतः भरणारे) एकच निदान करतात: गोळी फार मऊ आहे. मग कडक मिश्रधातूच्या गोळ्या मागवल्या जातात. शिसं चिकटतच राहतं, कधी आधीपेक्षा जास्त. माझं मत ठाम आहे. दहापैकी आठ वेळा दोष मऊपणाचा नसतो, मापाचा असतो.

शिशाची गोळी बोअर (बॅरलचं आतलं भोक) भरून बसली तरच मागचा तापलेला वायू मागेच राहतो. गोळी बारीक असली तर तो वायू बाजूच्या फटीतून पुढे सुटतो आणि जाताना शिसं वितळवत, खरवडत नेतो. मऊ गोळी निदान दाबाखाली थोडी फुगून फट बुजवते. हलक्या लोडमध्ये, म्हणजे कमी पावडरच्या काडतुसात, कडक गोळी तेवढंही करत नाही. शुद्ध शिशाची ब्रिनेल कडकता ५ च्या आसपास असते, लायनोटाइपची (छपाईच्या खिळ्यांचा कडक मिश्रधातू) २२ च्या आसपास. .३८ स्पेशलच्या साध्या लोडसाठी २२ च्या मागे धावण्यात काही अर्थ नाही.

शिसं कुठे चिकटलंय ते आधी नीट बघा. फोर्सिंग कोन (सिलिंडरमधून आलेली गोळी बॅरलमध्ये शिरते तो निमुळता भाग) आणि बॅरलच्या सुरुवातीच्या भागात थर असेल तर गोळी बारीक आहे. थर तोंडाकडच्या टोकाला असेल तर बहुधा ल्यूब (गोळीवरचं वंगण) वाटेतच संपलं.

एका सोबत्याचं उदाहरण सांगतो. .३५७ ची रिव्हॉल्व्हर, .३८ स्पेशलच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी), १५८ ग्रेन वजनाच्या मऊ शिशाच्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या गोळ्या. डब्यातली गोळी मोजली तर ०.३५८ इंच. सिलिंडरचे थ्रोट (भोकांची पुढची तोंडं) ०.३५८. बॅरलचं माप घ्यायला त्यातून शिशाचा स्लग (तुकडा) ठोकून काढला, तो ०.३५७. कागदावर सगळं जमत होतं. तरी तीस फैरींनंतर फोर्सिंग कोनवर सोल्डर लावल्यासारखा करडा थर दिसायचा आणि निशाणाच्या कागदावरची भोकं हातभर पसरायची. त्याने तीन डबे बदलले, दोन ल्यूब बदलले, पावडर बदलली. महिनाभर हेच चालू होतं.

शेवटी मी त्याचं तयार काडतूस घेतलं, हातोडीसारख्या पुलरमध्ये बसवलं आणि तीन ठोक्यांत गोळी बाहेर काढली. बुडाशी मायक्रोमीटर लावला. ०.३५५५! डब्यातून निघालेली गोळी पुंगळीत बसता बसता अडीच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बारीक झाली होती. त्याचा एक्स्पांडर (पुंगळीचं तोंड रुंद करणारा दांडा) जॅकेटच्या, म्हणजे तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांसाठी बनवलेला, म्हणून अरुंद होता. शिवाय शेवटी तो काडतूस एका क्रिंप डायमधून (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणारा साचा) काढायचा, ज्याची कार्बाइडची रिंग सगळी पुंगळी बाहेरून पुन्हा दाबते. जॅकेटच्या गोळीला त्याने फार फरक पडत नाही. मऊ शिसं मात्र मेणासारखं दबतं, आणि पुंगळीचं पितळ परत फुगलं तरी शिसं परत फुगत नाही. ती डाय काढली, एक्स्पांडर दोन थाऊ मोठा घेतला, वेगळ्या पायरीत हलका रोल क्रिंप (तोंडाची कड आत वळवणं) दिला. गोळ्या त्याच डब्यातल्या. पुढच्या वेळी पन्नास फैरींनंतर दोन फडक्यांत बॅरल साफ झालं.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे: कुठलाही नवा डबा उघडला की पाच काडतुसं भरायची, त्यातलं एक उकलायचं, गोळीचं बूड मोजायचं. पाच मिनिटांचं काम आहे. एवढाही धीर नसेल त्याने तयार काडतुसं विकत घ्यावीत, हे मी मनापासून सांगतो.

थ्रोट मोजायला मायक्रोमीटरही लागत नाही. रिकामं सिलिंडर बाहेर काढून गोळी पुढच्या बाजूने थ्रोटमध्ये ठेवा. पेन्सिलीने हलकं ढकलल्यावर गेली तर उत्तम. आपोआप घसरून पडली तर गोळी बारीक. थ्रोटच बॅरलच्या खाचांपेक्षा अरुंद निघाले तर जाणत्या गनस्मिथकडे जा. ते दुखणं गोळी बदलून जात नाही.

दुसरी मोठी चूक वेगाची. टोकाला खळगा आहे म्हणजे तो उघडायलाच हवा, म्हणून पावडर वाढवत न्यायची. जॅकेट नाही, गॅस चेक (बुडाची तांब्याची टोपी) नाही अशा स्वेज केलेल्या, म्हणजे साच्यात दाबून घडवलेल्या मऊ गोळीचं सुख सेकंदाला साधारण ८०० ते ९०० फुटांपर्यंत. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा कारखान्यातूनच साध्या शिशाच्या गोळ्या भन्नाट वेगाने सोडल्या जात, आणि बॅरल शिशाने माखल्याच्या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. मॅग्नमचा वेग हवा असेल तर बुडाला तांब्याची टोपी असलेली किंवा जॅकेटची गोळी घ्या. मऊ गोळीकडून तिच्या गुणाचंच काम घ्या.

जॅकेटच्या गोळीचा लोड डेटा (किती पावडर घालायची त्याचे आकडे) शिशाला लावू नका, शिशाचा जॅकेटला लावू नका. वजन सारखं असलं तरीही नाही. शिशाच्या हलक्या लोडवर जॅकेटची गोळी बॅरलमध्येच अडकू शकते. आणखी एक गोष्ट सहज निसटते: त्याच घडणीच्या, त्याच वजनाच्या भरीव गोळीपेक्षा हॉलो पॉइंट लांब असते, कारण खळग्यातलं शिसं कुठेतरी जायला हवं. ती जास्त खोल बसली तर पुंगळीतली जागा घटते आणि दाब चढतो. डेटा नेमक्या त्याच गोळीचा हवा.

पुंगळीचं तोंड पुरेसं फुलवलं नाही तर बसवताना शिशाची कडी सोलून निघते. बोटाला ती लागते, बघा.

सीटिंग स्टेम (गोळी पुंगळीत दाबून बसवणारा दांडा) टोकाच्या आकाराला जुळणारा हवा. नाहीतर खळग्याची कड चेपते आणि प्रत्येक गोळी वेगळी उडते. शिवाय ल्यूब स्टेमवर साचत जातं आणि गोळ्या नकळत खोल बसू लागतात. मी दर पन्नास काडतुसांनी स्टेम पुसतो, आणि दहाव्याला लांबी तपासतो.

हॉलो बेस वॅडकटर (सपाट टोकाची, पोकळ बुडाची गोळी) उलटी बसवून स्वस्तातली हॉलो पॉइंट करायची युक्ती अजून फिरते. करू नका.

सगळ्यात जास्त संताप मला या शॉर्टकटचा येतो: सत्र संपताना चार जॅकेटच्या गोळ्या मारायच्या, म्हणजे शिसं खरवडून निघतं म्हणे. थर आधीच बोअर अरुंद करून बसलाय, त्यातून कडक गोळी रेटली की दाब वाढतो आणि उरलेलं शिसं इस्त्री केल्यासारखं खाचांत दाबलं जातं. जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा आणि कोरडंच फिरवा. शिशाच्या चांदीसारख्या पापुद्र्या गळून पडतात. घासणीला आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, ती वापरू नका. काम झालं की गार पाण्याने साबण लावून हात धुवा, आणि बेंचवर चहासुद्धा नको.

फैर झाडताना आवाज दबका आला, हाताला धक्का कमी लागला, तर तिथेच थांबा. थोडा वेळ तोंड सुरक्षित दिशेला धरून ठेवा, मग सिलिंडर रिकामं करा आणि बॅरलमधून काठी आरपार जाते का ते बघा. मऊ गोळी आत अडकलेली असेल तर पितळी दांड्याने मागे ठोकून निघते. ती निघेपर्यंत दुसरी फैर नाही.