आयईएलटीएसला चांगला बँड, तरी नोकरी हुकते? या चुका टाळा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 7.5 बँड, म्हणजे चांगली श्रेणी, आला, परदेशी बिझनेस स्कूलला प्रवेशही मिळाला. मग मुलाखतीनंतर नकारच का येतात? बहुतेकांचं इंग्रजी कच्चं नसतं, सराव भलत्याच गोष्टीचा झालेला असतो.

आयईएलटीएसची तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांत आटोपते. समोर एकच परीक्षक, आणि तुमचा मुद्दा बरोबर की चूक याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या नोकरीसाठीच्या केस इंटरव्ह्यूत मात्र धंद्यातली एखादी अडचण सोडवायला देतात. ‘नफा का घटला?’ याचं उत्तर सुरू करताच समोरचा अडवतो : हा आकडा कुठून काढलात? उमेदवार मनातल्या मनात निर्दोष वाक्य जुळवत बसतो. त्या शांततेचा अर्थ समोरचा असा लावतो की याला हिशेबच जमत नाही. म्हणून आधी निष्कर्ष सांगा, कारणं मागून. आकडेमोड बोलत बोलत करा. वेळ हवा असेल तर ‘लेट मी थिंक फॉर अ मिनिट’ असं सरळ म्हणा, त्यात कमीपणा नाही. सरावाला मुद्दाम मध्येच तोडणारा जोडीदार शोधा. आरशासमोर बोलून ही सवय लागत नाही.

ॲक्सेंट बदलायच्या फंदात तर पडूच नका. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वेगळे ऐकू येणं जास्त मोलाचं, कारण तिथे गफलत झाली की पुढचं सगळं गणित कोसळतं.

वर्गात गप्प बसणं ही महागडी चूक. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका सेक्शनमध्ये साधारण 90 विद्यार्थी असतात आणि चर्चेतल्या सहभागाला गुण असतात. उशिरा हात वर केलात तर तुमचा मुद्दा आधीच कुणीतरी मांडून मोकळा झालेला असतो. सुरुवातीलाच बोला, दोनच वाक्यं का असेनात.

‘दोन वर्षांत इंग्रजी सुधारेलच’ हा हिशेबही चुकतो. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएत समर इंटर्नशिपसाठी कंपन्यांच्या भेटीगाठी पहिल्याच सत्रात सुरू होतात, आणि पुढची नोकरी बऱ्याचदा त्या इंटर्नशिपमधूनच मिळते. तयारी विमानात बसण्याआधीच हवी.

जर्मनी किंवा फ्रान्सला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी तिथल्या ग्राहकांशी रोज बोलायच्या नोकऱ्यांत सहसा जर्मन किंवा फ्रेंच लागतं. ते शेवटच्या सत्रावर ढकललं, तर अर्ज करण्याजोग्या जागाच कमी उरतात.

आणि रेझ्युमेवर बँड लिहू नका. तो निकाल सहसा 2 वर्षंच ग्राह्य धरतात, शिवाय इंग्रजीतून एमबीए केलेल्याला तो कुणी विचारतही नाही.